हौसेच्या तळ्याचा बांध पावसाळ्यापूर्वी कसा तपासावा

ठाण्याहून मुरबाड किंवा शहापूरकडे जाताना ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून केलेली खासगी तळी आता जागोजागी दिसतात. मालक शहरात राहतो, जागेवर एक राखणदार असतो आणि बांधाच्या खाली, ओढ्याच्याच काठाने, एखादा पाडा असतो. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. चार-पाच मीटर उंचीचा बांध त्यात येत नाही, त्यामुळे तो तपासण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

तपासणीची सुरुवात बांधापासून नव्हे, सांडव्यापासून, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेपासून करावी. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो काही तासांतच कापला जाऊ शकतो, मग त्याची माती कितीही चांगली दाबलेली असो. समजा, तळ्याचे पाणलोट क्षेत्र २० हेक्टर, म्हणजे सुमारे ५० एकर आहे आणि तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे लक्षात घेता ही कल्पना अवास्तव नाही. यातील ७० टक्के पाणी वाहून आले तरी तळ्यात सेकंदाला जवळपास चार घनमीटर पाणी येते. सपाट माथ्याच्या सांडव्यावरून अर्धा मीटर खोलीने पाणी वाहत असेल, तर दर मीटर रुंदीमागे सेकंदाला साधारण ०.६ घनमीटर पाणी जाते. म्हणजेच अशा तळ्याला सुमारे सात मीटर रुंद सांडवा हवा, आणि पाणी एवढे वाहत असतानाही बांधाचा माथा त्याच्या वर किमान अर्धा-पाऊण मीटर राहायला हवा.

हौसेच्या तळ्यावर नेमकी येथेच चूक होते. उन्हाळ्यापर्यंत होडी चालावी म्हणून सांडव्यात फळ्या किंवा विटांची एक फूट भिंत घातली जाते. अर्धा मीटर खोलीतील ३० सेंटिमीटर अशा रीतीने अडवले, तर सांडव्याची क्षमता ४० टक्क्यांवर नव्हे, पाव भागावर येते, कारण प्रवाह खोलीच्या प्रमाणाहून अधिक वेगाने घटतो. दुसरी चूक म्हणजे रोहू-कटला निसटू नयेत म्हणून लावलेली बारीक जाळी. पहिल्या जोरदार पावसात पालापाचोळा आणि प्लास्टिक तिच्यावर थापले जाते आणि तिची भिंत होते. फळी, भिंत आणि जाळी ही तिन्ही मे महिन्यातच काढून टाकावीत. चार मासे गेले तर जाऊ द्यावेत.

त्यानंतर बांधाच्या माथ्यावरून चालावे. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दर पाच मीटरवर माथ्याची पातळी पाहावी. मध्यभागी माथा खचला असेल, तर पाणी पहिल्यांदा तेथूनच ओसंडेल, म्हणून तो खोलगट भाग भरून काढावा. उन्हाने पडलेल्या उथळ भेगा फारशा चिंतेच्या नसतात, पण बांधाला आडवी, तळ्याकडून पायथ्याकडे जाणारी भेग गंभीर समजावी. ती वरून मातीने बुजवू नये. तिच्या तळापर्यंत खणून, ओलसर माती १५ सेंटिमीटरच्या थरांनी घालून धुम्मसाने दाबावी.

झाडांच्या बाबतीत मालकांचे मन वळवणे कठीण जाते. आंब्याची सावली हवी असते, परंतु मूळ कुजले की त्याच्या जागी मातीत नळी तयार होते. बांधावर फक्त गवत असावे. लहान रोपे लगेच उपटावीत. मोठे झाड मात्र पावसाच्या तोंडावर मुळासकट उपटू नये, ते काम दिवाळीनंतर पाणी उतरवून करावे. बिळेही शोधावीत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांना दोष देणारे विधान चेष्टेचा विषय झाले होते, आणि ती चेष्टा रास्तही होती. तरीही तीन मीटर रुंद माथ्याच्या बांधात पाण्याच्या पातळीला असलेले घुशीचे किंवा खेकड्याचे बीळ दुर्लक्षून चालत नाही.

पायथ्याशी येणारा पाझर हा बहुतेक मातीच्या बांधांचा स्वभावच आहे. पाहायचे ते दोनच गोष्टींकडे, पाणी किती येते आणि ते गढूळ आहे का. पाझर एका चरात गोळा करून दहा लिटरची बादली भरायला लागणारा वेळ दर आठवड्याला वहीत लिहावा, शेजारी तळ्याची पातळी नोंदवावी. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, किंवा पाण्यातून माती येऊ लागली, तर बांध आतून पोखरला जात आहे. अशा वेळी पाझराच्या तोंडावर सिमेंट किंवा चिकणमाती कोंबू नये, कारण अडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. तेथे आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठी खडी असा थर द्यावा, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती आत राहते. त्याच वेळी विमोचक, म्हणजे तळ्यातील पाणी खालून सोडण्याची झडप, उघडून, किंवा बांधावरून पीव्हीसी पाइपचा सायफन लावून पातळी उतरवावी. ती घाईने उतरवल्यास तळ्याकडील ओला उतार घसरतो, म्हणून बांध लगेच फुटण्याचा धोका नसेल तर एका दिवसात फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये. जेसीबी बोलावून बांधालाच खाच पाडणे हा उपाय नव्हे.

खालच्या पाड्यातील दोन घरांचे, पोलीस पाटलांचे आणि सरपंचांचे दूरध्वनी क्रमांक राखणदाराच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावेत, शेजारी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांकही असावेत. पाझर गढूळ झाला किंवा पाणी माथ्याच्या एका हाताच्या आत आले, तर मालकाची परवानगी न विचारता राखणदाराने पाड्याला उठवावे, हे त्याला मे महिन्यातच स्पष्ट सांगून ठेवावे. रात्री नेटवर्क नसते, त्यामुळे एक भोंगा किंवा थाळी आणि पाड्याकडे जाणारी ओढ्याबाहेरची वाट, दोन्ही आधीच ठरलेले असावे. उठवलेली माणसे पाऊस थांबला म्हणून परत पाठवू नयेत. उजेडात बांध पुन्हा पाहून, पाझर स्वच्छ झाल्याची आणि पातळी उतरत असल्याची खात्री झाल्यावरच त्यांना घरी जाऊ द्यावे.