क्यूचा पॅच मी मागून वाचते

लिनक्स कर्नलमध्ये नेटवर्कची पॅकेटं बाहेर जाण्याआधी रांगेत (क्यूमध्ये) थांबतात. त्या कोडमधला बदल, म्हणजे पॅच, तपासायला आला की पॅकेट रांगेत घालणारा भाग मी शेवटी वाचते. तो लिहिणाऱ्यानं दहादा तपासलेला असतो. आधी बघते पॅकेट कुठे टाकून दिलं जातं ते: रांग भरली, मेमरी मिळाली नाही, इंटरफेस बंद झाला.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: पॅकेट आत्ता कुणाच्या ताब्यात? गेल्या पावसाळ्यात रुळांवर पाणी, म्हणून मुलुंडला घरीच होते. ड्रायव्हरचा छोटासा पॅच आला, मी चहा संपायच्या आत पास केला. त्यात पॅकेट हार्डवेअरच्या रिंगेत (नेटवर्क कार्ड जिथून पॅकेटं उचलतं ती गोल यादी) टाकून पुढच्या ओळीत त्याची लांबी वाचली होती, बाइट्सच्या हिशेबासाठी. पण तोवर कार्डानं ते पाठवलेलं आणि प्रोसेसरच्या दुसऱ्या कोअरनं मेमरीतून मोकळं केलेलंही असू शकतं. आमच्या चाचणीत काही दिसलं नाही, लोड वाढल्यावर मशीन आडवं. लांबी आधी काढून ठेवा, मग पॅकेट द्या. एवढंच होतं हो!

मग थांबवणं-उठवणं. रिंग भरली म्हणून ड्रायव्हर रांग थांबवतो, आणि नेमकं त्याच क्षणाआधी दुसरीकडे जागा रिकामी होऊन जाते. तिकडच्या कोडला रांग चालूच दिसते, तो कशाला उठवेल? रांग कायमची झोपली. म्हणून थांबवल्यावर मेमरी बॅरिअर (आधीचं लिहिणं-वाचणं नंतरच्यात मिसळू न देणारी सूचना) टाकून जागा पुन्हा तपासलेली आहे का, ते शोधा. नसेल तर पॅच परत.

एका रांगेच्या पोटात दुसरी रांग असू शकते. आतल्या रांगेनं पॅकेट टाकून दिलं तर वरच्या रांगेचा आकडाही उतरायला हवा. शेअर रिक्षाच्या रांगेतून कोणी कंटाळून निघून गेला, तरी डोकी तितकीच मोजण्यात काय अर्थ? लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) सॉफ्टआयआरक्यूमध्येही, म्हणजे हार्डवेअरच्या इशाऱ्यानंतर कर्नल मागाहून उरकतो त्या कामांतही, घेतलं जात असेल, तर प्रोसेसच्या बाजूनं घेताना बॉटम हाफ, म्हणजे हीच मागाहूनची कामं, बंद हवेत.

'ड्रॉप (टाकून दिलेली पॅकेटं) कमी व्हावेत म्हणून रांग मोठी केली' असं कारण दिसलं की मी गणित मांडते. 1500 बाइट्सची 1000 पॅकेटं म्हणजे 12 मेगाबिट. 10 एमबीपीएसच्या अपलोडवर शेवटचं पॅकेट 1.2 सेकंद ताटकळणार. रांग आटोक्यात ठेवणारं कोडेल हे तंत्र रांगेतल्या थांबण्यासाठी 5 मिलिसेकंदांचं लक्ष्य ठेवतं, ते उगाच नाही.

शेवटी चालवून बघा: आयपर्फनं (नेटवर्कवर भार टाकणारं साधन) लाइन भरा, शेजारी उशीर मोजायला पिंग, आणि मध्येच इंटरफेस खाली घ्या. टीसी या रांगांच्या कमांडच्या आकड्यांत बॅकलॉग (रांगेत उरलेली पॅकेटं) शून्यावर आला नाही, तर कुठेतरी पॅकेट अडकलंय किंवा मोजणी चुकलीय.