गल्लीत ड्रग्ज विकले जातायत? पोलिसांना खरंच कामाला येईल अशी माहिती कशी द्यायची

"शंभर वेळा सांगितलं, पोलिस काही करतच नाहीत" हे वाक्य मी पण भरपूर वेळा बोललोय. मग एकदा बीटवरच्या पोलिसाने माझी गल्लीतल्या नोंदींची वही मागून घेतली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. तिथं मी लिहिलेलं, "आज पण तीच पोरं, संध्याकाळभर." तो म्हणाला, किती वाजता? कुठल्या दारापुढे? आणि "तीच" म्हणजे नक्की कोण? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. महिनाभर वही भरत होतो आणि त्यातून त्याला काढता येईल असं काहीच नव्हतं.

तर आधी धंदा कसा चालतो ते समजून घ्या, म्हणजे काय बघायचं ते कळेल. रस्त्यावर विकणारा सहसा एकटा नसतो. एकजण कोपऱ्यावर उभा राहून नुसता वॉच ठेवतो, पोलिस दिसला की शिट्टी मारतो, दुसरा गिऱ्हाईकाकडून पैसे घेतो, तिसरा पाच मिनिटांनी दुसऱ्याच ठिकाणी पुडी देतो, आणि माल यातल्या कोणाच्याच खिशात नसतो. तो असतो मीटरच्या पेटीत, विटेखाली, जिन्याखालच्या झाकण तुटलेल्या टपालपेटीत. म्हणून तर पोलिसांनी पोराला धरून झडती घेतली की काही सापडत नाही, तो तासाभरात परत येऊन तिथंच उभा राहतो आणि आपण म्हणतो पोलिस विकले गेलेत. विकले गेलेले नसतातच असं मी म्हणत नाही, पण बऱ्याचदा कारण एवढं साधं असतं.

आता वहीत काय लिहायचं. तारीख, वार, वेळ घड्याळ बघून. जागा अशी की परका माणूस एकटा जाऊन उभा राहू शकेल, म्हणजे "मागच्या गल्लीत" नाही तर "मागच्या गल्लीत, बंद शटरच्या डावीकडे, दुसऱ्या दिव्याखाली". माणसाचे कपडे रोज बदलतात, त्यामुळे चाल, उंची, टॅटू, बूट, लंगडत असेल तर ते लिहा. गाडी असेल तर नंबर, रंग, किती मिनिटं थांबली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात कुठं जातो ते, पैसे घेतल्यावर कोण कुठल्या दिशेने गेला आणि कुठं वाकला. पोलिसाच्या दृष्टीने माझ्या अख्ख्या वहीत एकच ओळ सोन्याची निघाली, ती म्हणजे निळं जॅकेटवाला दर वेळी त्या टपालपेटीपाशी जाऊन येतो.

डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. "शेजारी म्हणाले" असेल तर तसंच लिहा, आपला अंदाज घुसडू नका. दोन आठवडे नीट लिहिलं की पॅटर्न आपोआप दिसतो, कुठल्या वारी, कुठल्या तासाला गर्दी. पोलिसांकडे माणसं कमी असतात, रात्रभर कोणी तुमच्या गल्लीत बसणार नाही, पण "शुक्रवारी सात ते साडेआठ" म्हटलं तर सापळा लावता येतो.

काय करायचं नाही ते पण ऐका. खिडकीत उभं राहून मोबाइलने शूटिंग करू नका, खालून सगळं दिसतं. कोणाला जाऊन दम देऊ नका. पुडी किंवा सुई सापडली तर हात लावू नका, फोन करून जागा सांगा. कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर वही गेली खड्ड्यात, आधी ॲम्ब्युलन्स. आणि सोसायटीच्या ग्रुपवर "मी पोलिसांना कळवलंय" असलं शौर्य गाजवू नका, त्या ग्रुपवर कोणाचा भाचा काय करतो तुम्हाला माहीत नसतं.

माहिती शक्यतो एकाच अधिकाऱ्याला द्या, तोंडओळख झालेली बरी, आणि नाव गुप्त ठेवायचंय हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. स्थानिक ठाण्यातूनच बातमी फुटते असा संशय असेल तर थेट ड्रग्जविरोधी पथकाकडे किंवा वरिष्ठांकडे जा. मग थांबावं लागतं, आणि हाच भाग सगळ्यात जास्त डोकं फिरवतो. तुमच्या वहीवर कोर्टात शिक्षा होत नाही, पोलिसांना स्वतः पाळत ठेवावी लागते, कधी बनावट गिऱ्हाईक पाठवावं लागतं, झडतीची परवानगी, जप्त माल सीलबंद करून लॅबला पाठवणं, यात एक सही चुकली तरी केस पडू शकते.

छापा पडला की पेढे वाटू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) विकणाऱ्या घरांवरच्या छाप्यांचा रीतसर प्रयोग झाला, त्यात छाप्याचा परिणाम साधारण दोन आठवड्यांत विरून गेला. माणूस आत गेला तरी जागा तीच राहते, दुसरा येऊन बसू शकतो. म्हणून छाप्यानंतरचे दोन आठवडे वही जास्त मन लावून लिहा आणि त्याच काळात जागेचं काहीतरी करा. अमेरिकेतल्याच ओकलंडमध्ये १९८८ पासून पोलिस नगर खात्याच्या इन्स्पेक्टरांना सोबत नेऊन घरमालकांच्या मागे लागायचे, दिवे, कुलूप, पडकी दारं, बेकायदा भाडेकरू, नियमात जे बसेल ते. आमच्याकडे जिन्याखाली दिवा लागला आणि टपालपेटी उखडली, तेवढ्याने पण फरक पडला.

"इथून हाकलले की पलीकडच्या गल्लीत जातील" असं लोक हमखास म्हणतात. कधी जातात, पण दर वेळी नाही. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत ड्रग्जच्या ५६ अड्ड्यांवर प्रयोग झाला, तिथं धंदा आजूबाजूला सरकला असं फारसं दिसलं नाही.

पोरं वस्तीतलीच असतील तर अजून एक वाट आहे. अमेरिकेतल्याच हाय पॉइंट नावाच्या गावात २००४ मध्ये पोलिसांनी पुरावे गोळा केले, हिंसक होते त्यांना उचललं, आणि बाकीच्यांना त्यांच्या घरच्यांसकट बोलावून फायली समोर ठेवल्या, आता थांबलात तर मदत करू, नाही थांबलात तर अटक. सगळीकडे हे जमतंच असं नाही, पण तुमचा अधिकारी ऐकून घेणारा असेल तर विचारून बघा.

माझी वही अजून चालू आहे. सध्या पानंच्या पानं "काही नाही" एवढंच लिहिलंय, पण तारीख आणि वेळ मात्र टाकतो.