खड्डा खोदण्यापूर्वी : गावच्या सांडपाण्याच्या कामातील पहिले वर्ष

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात कंत्राटी अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा सांडपाण्याचे काम म्हणजे गटारांचे अंदाजपत्रक करणे, एवढीच माझी समजूत होती. नव्याने येणाऱ्यांनी आधी हे ध्यानात घ्यावे की, न्हाणी-मोरीचे पाणी आणि शौचालयाचे मैलापाणी लहान गावात वेगळेच ठेवावे लागते. मैलापाण्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय पुरते. डोकेदुखी असते ती रस्त्यावर वाहणाऱ्या साबणाच्या पाण्याची.

हिशोब सोपा आहे. जलजीवन मिशनच्या मापदंडानुसार माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आणि त्यातले 70 टक्के सांडपाणी होते असे मानले, तर 1,200 वस्तीच्या गावात रोज सुमारे 46,000 लिटर सांडपाणी निघते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला या कामासाठी माणशी 280 रुपये धरलेले आहेत, म्हणजे या गावाला 3,36,000 रुपये. एवढ्यात यंत्रांचे शुद्धीकरण केंद्र बसत नाही, म्हणून पाणी दाराशीच जिरवणे हा पहिला पर्याय ठरतो.

नांदेड जिल्ह्यात गाजलेला शोषखड्डा मी तसाच उचलला : चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. उन्हाळ्यात बांधलेले खड्डे पहिल्या पावसाळ्यातच तुंबले. एका घरच्या मावशींनी झाकण सरकवून दाखवले. वर साबणाचा राखाडी थर तरंगत होता आणि त्यात भाताची शिते. "साहेब, खड्डा पाणी पीत न्हाई, ओकतोय," त्या म्हणाल्या. चूक सर्वस्वी माझीच होती. वस्ती काळ्या चिकण मातीवर होती, पाणी जिरवणारा मुरूम बराच खाली होता आणि मी नकाशाबाहेर काही पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून मी आधी हातभर खड्डा खोदून त्यात पाणी भरतो, ते जिरू देतो, पुन्हा भरतो आणि खुणा केलेल्या काठीने तासाभरात पातळी किती उतरली ते मोजतो. हे भर उन्हाळ्यात केल्यास भेगाळलेली काळी माती हमखास फसवते. विहिरी आणि हातपंप कुठे आहेत, पावसाळ्यात त्यांचे पाणी किती वर येते, हेही विचारून घ्यावे; ही माहिती दप्तरापेक्षा पाणी सोडणाऱ्या माणसाकडे अधिक खात्रीची मिळते.

जिथे पाणी जिरतच नाही, तिथे ते उताराने एकत्र आणून स्थिरीकरण तळ्यात सोडावे. वर हिशोब केलेल्या 1,200 वस्तीच्या गावाचे सगळे पाणी सात दिवस थांबवायचे आणि तळ्यातील पाण्याची खोली 1.2 मीटर ठेवायची, तर नुसत्या पाण्यालाच पावणेतीन गुंठे जागा लागते. बांध धरून अधिकच. तेथे शेवाळ ऑक्सिजन पुरवते आणि जिवाणू घाण खातात, त्यामुळे वीज लागत नाही. जागेचा ठराव मात्र ग्रामसभेत आधी करून घ्यावा, कारण तळे हवे असते सगळ्यांना, पण आपल्या बांधाला लागून कोणालाच नको असते.

तळ्याचे पाणी शेताला द्यायचे असल्यास बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच घाणीचे माप) लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो, नाल्यात सोडायचे असल्यास 30 च्या आत. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा. आणि झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेवर सही करण्यापूर्वी प्रत्येक मोरीची जाळी स्वतः उचलून पाहावी. माझ्या तुंबलेल्या खड्ड्यांपैकी निम्म्यांना ती बसवलेलीच नव्हती.