‘ही सेड मी’, ‘आय टोल्ड टू हिम’ : से, टेल, स्पीक, टॉक वापरताना या चुका टाळा

कोल्हापुरात ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय म्हणताय?’ दुकानाच्या पायरीवर ‘धंदा काय म्हणतोय?’ आणि जुलै उजाडला की ‘पंचगंगा काय म्हणतीय?’ राजारामपुरीतल्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात एका मुलानं यातला दुसरा प्रश्न इंग्रजीत विचारला, ‘वॉट इज बिझनेस सेइंग?’ व्याकरणात चूक नाही, शब्दही सगळे बरोबर. तरी समोरच्या इंग्रजाला काही कळणार नाही. तिथं ‘हाउज बिझनेस?’ एवढंच विचारतात.

या चार क्रियापदांचा गोंधळ मला वर्षानुवर्षं दिसतोय आणि तो अभ्यास कमी पडल्यामुळे होतो असं मला मुळीच वाटत नाही. मराठीत म्हणणं, सांगणं आणि बोलणं यांच्यात जी वाटणी आहे, ती इंग्रजीत वेगळ्या जागी झाली आहे. मुलं एकास एक जोड्या लावतात आणि तिथंच फसतात.

‘ला’ दिसला की ‘टू’ लावणं

‘आई मला म्हणाली’ आणि ‘मी त्याला सांगितलं’. आपल्याकडे दोन्हीकडे ‘ला’ आहे. इंग्रजीत मात्र टेलच्या पाठोपाठ माणूस थेट येतो, मध्ये काही लागत नाही: ‘आय टोल्ड हिम’. सेचं तसं नाही. त्याला माणसापर्यंत पोचायला टू लागतो: ‘शी सेड टू मी’. म्हणून ‘शी सेड मी’ चूक आणि ‘आय टोल्ड टू हिम’ही चूक. गंमत म्हणजे एकच मुलगा पाच मिनिटांत या दोन्ही चुका करतो, कारण नियम त्याला उलटासुलटा आठवत असतो. मी वर्गात एकच खूण सांगतो. क्रियापदाला चिकटून माणूस यायचा असेल तर टोल्ड, नसेल तर सेड.

याच खुणेनं दुसरी चूकही सापडते. ‘ड्रायव्हरनं सांगितलं की गाडी उद्या येईल’ या मराठी वाक्यात कुणाला सांगितलं ते नाही आणि त्यानं काही बिघडत नाही. पण ‘द ड्रायव्हर टोल्ड दॅट...’ असं म्हटलं की इंग्रजी वाक्य लंगडतं. टेलला ऐकणारा हवाच. एकतर ‘टोल्ड अस दॅट’ म्हणा, नाहीतर सरळ ‘सेड दॅट’.

अपवाद थोडे आहेत, ते पाठच करा: टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम. इथं ऐकणारा नसला तरी चालतं. यातल्या ‘लाय’पाशी आपली बोली आडवी येते. आपण खोटं ‘बोलतो’, म्हणून मुलं ‘डोन्ट स्पीक लाय’ म्हणतात. खरं बोलायला ‘स्पीक द ट्रूथ’ चालतं, पण खोट्याला टेलच लागतो. तसंच आपण गाणं ‘म्हणतो’. इंग्रजीत प्रार्थनेला से चालतो, गाण्याला सिंगच.

सगळ्यात महाग पडणारी चूक

वरच्या चुका ऐकणारा मनातल्या मनात सुधारून घेतो. ही मात्र माणूस दुखावते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिस्पॅचमध्ये काम करणारा विद्यार्थी परदेशी ग्राहकाला पाठवायची ईमेल मला दाखवायला घेऊन आला. त्यात वाक्य होतं, ‘आय टोल्ड युवर मॅनेजर टू सेंड द ड्रॉइंग.’ त्याच्या डोक्यात मराठी होतं, ‘तुमच्या मॅनेजरसाहेबांना ड्रॉइंग पाठवायला सांगितलं होतं.’ किती साधं वाक्य! आपलं सांगणं हुकमालाही चालतं आणि विनंतीलाही. फरक आवाजात असतो. ‘तेवढी सही करायला सांगा की साहेबांना’ यात कुणी साहेबांना हुकूम सोडत नाही. पण इंग्रजीत ‘टोल्ड समवन टू डू’ म्हणजे आज्ञा. वरिष्ठ कनिष्ठाला, आई लेकराला, पोलीस गाडीवाल्याला. ग्राहकाच्या मॅनेजरला आपण आज्ञा केली असा त्या वाक्याचा अर्थ होत होता.

इथं हवा ‘आस्क्ड’: ‘आय आस्क्ड युवर मॅनेजर टू सेंड द ड्रॉइंग.’ मुलांना हा शब्द सुचत नाही, कारण शाळेत आस्क म्हणजे विचारणं एवढंच पाठ झालेलं असतं. आस्कच्या पुढं माणूस आणि मग ‘टू’ आलं की तो विनंती करणं होतो. वरिष्ठ, ग्राहक, शिक्षक, शेजारी, अनोळखी माणूस यांच्याबद्दल लिहिताना टोल्डवर बोट ठेवा आणि विचारा, मी खरंच हुकूम दिला होता का? नसेल तर आस्क्ड. ही सवय लागली तर बाकीच्या चुका राहिल्या तरी मी रागावणार नाही.

याच्या आसपासची तीन क्रियापदं पटकन सांगतो. ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ नाही, ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’.

‘म्हणे’ आणि ‘म्हटलं’

‘तो म्हणे पुण्याला गेला.’ हा म्हणे म्हणजे ऐकीव बातमी. ‘ही सेज’ लिहिलंत तर तो स्वतःच सांगतोय असा अर्थ होईल. ‘दे से ही हॅज गॉन टू पुणे’ किंवा ‘अपॅरंटली’ वापरा. आणि ‘म्हटलं, तुम्ही येताय की नाही’ यातलं म्हटलं तोंडातून बाहेर पडलेलंच नसतं, ते मनातलं आहे. तिथं ‘आय सेड’ नको, ‘आय वॉज वंडरिंग’ हवं. ‘म्हटलं, जेवूनच जावं’ याला ‘आय थॉट’.

उलट कधी आपण ‘लिहिलंय’ म्हणतो तिथं इंग्रजी से वापरते. फलकावर काय लिहिलंय? ‘वॉट डझ द बोर्ड से?’ राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. पट्टीवर पाणी ३९ला टेकलं की ‘द गेज सेज थर्टी-नाइन फीट’. म्हणजे ‘पंचगंगा काय म्हणतीय?’ याचं उत्तर इंग्रजीतही सेनं देता येतं!

टेलचा एक अर्थ तर मराठी सांगण्याच्या जवळपासही नाही: ओळखू येणं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खरी कोणती आणि नकली कोणती ते कळतं का, हे चप्पल लाइनमध्ये आलेल्या पाहुण्याला विचारायचं तर ‘कॅन यू टेल द डिफरन्स?’

स्पीक आणि टॉकमध्ये फार अडत नाही. भाषेला स्पीक, टॉक नाही: ‘डू यू स्पीक मराठी?’ फोनवर ‘कॅन आय स्पीक टू...’ आणि आपणच ती व्यक्ती असलो तर नुसतं ‘स्पीकिंग’. गप्पांना टॉक.

निबंधात सेड पुन्हा पुन्हा आला की मुलं घाबरून स्टेटेड, क्लेम्ड, ॲडमिटेड असे शब्द पेरतात. माझ्या मते हे घातक आहे. क्लेममध्ये ‘खरं असेलच असं नाही’ हा संशय असतो, ॲडमिटमध्ये बहुतेकदा कबुली असते. ‘माय टीचर क्लेम्ड दॅट आय वर्क हार्ड’ असं अर्जात लिहिलंत तर वाचणारा तुमच्या मेहनतीवरच शंका घेईल. सेड दहा वेळा आला तरी वाचणाऱ्याला खुपत नाही. तो राहू द्या.

आता उच्चार. सेडला ‘सेइड’ म्हणू नका, आणि सेजला ‘सेइज’ नको; त्याच्या शेवटी झाडातल्या ‘झ’च्या जवळचा आवाज येतो, ‘सेझ’. वर्ग सुटायच्या आधी मी सगळ्यांकडून एक वाक्य दहा वेळा म्हणून घेतो: ‘शी सेझ शी टोल्ड मी, बट शी ओन्ली आस्क्ड.’