नव्या कारखान्यातले पहिले तीन महिने

जळगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली की आधी कागद सरळ करा. आधार, पॅन आणि पासबुकावर नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. एकावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून पीएफचा अर्ज परत येतो. आधी कुठं काम केलं असेल तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. नवा निघाला तर पैसे दोन खात्यांत अडकतात.

पहिली पगार स्लिप वाचा. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के पीएफ (मूळ पगार जास्त असला तरी काही मालक 15,000 रुपयांवरच धरतात, तेही नियमात बसतं). पगार 21,000 पर्यंत असेल तर 0.75 टक्के ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). कापलं म्हणजे भरलं असं नाही. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा.

आता मशीन. पाळीच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि जाणाऱ्या ऑपरेटरला विचारा, "भाऊ, सेटिंग काय बदललं? जाळी कधी बदलली?" पाइपच्या एक्स्ट्रूडरवर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) माल गाळणारी जाळी तुंबली की दाब चढतो, माल कमी निघतो. नवा माणूस घाबरून हीटर वाढवतो, मग माल जळतो. हीटरला हात लावण्याआधी दाबाचा काटा बघा. ऑपरेटरनं दिलेलं उत्तर रजिस्टरात लिहा, तोंडी निरोप टिकत नाहीत.

लग्नसराईची सुट्टी आठ दिवस आधी लेखी मागा. मे महिन्यात पारा 44 वर जातो, पाण्याची बाटली सोबत ठेवा.