बुलेटचा कार्बोरेटर गळतोय? आधी नेमका कुठून ते शोधा

कार्बोरेटरखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं की बहुतेकांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो आणि बाऊलचे, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीचे, चारही स्क्रू कचकचून आवळले जातात. कृपा करून हे करू नका. बाऊलचा धातू मऊ असतो. कड वाकते, आटे जातात आणि गळती होती तशीच राहते.

आमच्याकडे 1992 ची कास्ट आयर्न बुलेट आहे, मिककार्ब व्हीएम 24 कार्बोरेटरवाली. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवते आणि तिचं कामही मीच करते. पुढचं सगळं तिच्यावरचं आहे, पण यामाहाच्या आरएक्स 100 लाही बरंचसं लागू पडेल.

काम अंगणात, उघड्यावर आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करा. जवळपास गॅस, देवाजवळचा दिवा, सिगारेट काही नको. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा.

गाडी मेन स्टँडवर घ्या. कार्बोरेटर, पाइप आणि पेट्रोल कॉक फडक्याने कोरडे पुसा. मग त्यांच्यावर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन सुरू न करता कॉक चालू करा. पेट्रोल जिथून येतं तिथे पावडर ओली होऊन काळपट रेघ उमटते. ही रेघ वरच्या टोकापर्यंत बघत जा, कारण थेंब पडतो खाली आणि उगम असतो वर. पुष्कळदा कॉकचं पॅकिंग गेलेलं असतं आणि पेट्रोल पाइपवरून ओघळत कार्बोरेटरवर येतं. अशा वेळी कार्बोरेटरला हातही लावायची गरज नाही.

रेघ बाऊलच्या जोडावर असेल तर पॅकिंग बदला. बाऊलच्या तळाच्या ड्रेन प्लगच्या वॉशरवर असेल तर तो बदला. नव्या पॅकिंगनेही जोड ओला राहिला तर बाऊलची कड वाकली आहे असं समजा. सपाट काचेवर 600 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कड हलक्या हाताने गोल गोल घासा. सगळीकडे सारखी चमक आली की थांबा. सिलिकॉन कधीही लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि त्याचे तुकडे थेट जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतात.

खरं काम लागतं ते ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून पेट्रोल येत असेल तेव्हा. बाऊलमध्ये पेट्रोल भरलं की त्यावर तरंगणारा फ्लोट वर येतो आणि नीडल नावाची टोकदार सुई पेट्रोलची वाट बंद करते. नळीतून पेट्रोल येतंय याचा अर्थ नीडल ते अडवत नाही. कॉक बंद करा, पाइप काढा, कार्बोरेटर उतरवा, बाऊल खोला. तळाशी तांबूस गाळ दिसला तर टाकीत गंज आहे. टाकी साफ केल्याशिवाय पुढचं सगळं वाया जाईल.

फ्लोट ज्या पिनवर हलतो ती हलक्या हाताने ढकलून काढा. तिचे खांब ओतीव असतात, ठोकलं की तुटतात. नीडलचं टोक भिंगाखाली बघा. निमुळत्या भागावर गोल खाच पडली असेल तर ती नीडल संपली, सीटसकट, म्हणजे ती ज्या भोकात बसते त्या भागासकट, नवी घ्या. रबरी टोकाची असेल तर टोक फुगलंय का, कडक झालंय का तेही बघा. फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे यायला लागलं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. म्हणून मी व्हायटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या टोकाचीच नीडल बघून घेते. खाच नसेल तर इअरबडला किंचित ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) लावून सीट आतून फिरवून पुसा, मग स्वच्छ पेट्रोलने नीट धुवा. सीटखालचा वॉशर विसरू नका, पेट्रोल तिथूनही झिरपतं.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ आली तर भोक आहे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात. पाणी चूल विझवून मगच वापरा. भोकाला डाग (सोल्डर) देऊन चालतं, पण आतलं पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय त्याला आच दाखवू नका. शिवाय डागाने वजन वाढतं आणि बाऊलमधली पेट्रोलची लेव्हल बिघडते. मला विचाराल तर नवा फ्लोट घ्यावा.

सगळं जोडल्यावर, बाऊल लावण्याआधी, कार्बोरेटर उलटा धरा. पेट्रोल येण्याच्या तोंडाला नवी कोरडी नळी लावून फुंका. फ्लोटच्या वजनाने नीडल बसलेली असते, त्यामुळे हवा अजिबात जायला नको. फ्लोट बोटाने उचलला की हवा मोकळी सुटली पाहिजे. हे जमलं आणि तरीही पेट्रोल वाहत असेल, तर लेव्हल वर आहे. फ्लोटची जी पत्ती नीडलला टेकते ती अगदी केसभर नीडलच्या दिशेने वाकवा, म्हणजे नीडल लवकर बंद होईल. वाकवताना नीडलवर दाब येऊ देऊ नका.

बाऊलचे स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून, बोटांच्या जोरानेच लावा. खाली वर्तमानपत्र पसरून कॉक तासभर चालू ठेवा, आधी मेन स्टँडवर, मग साइड स्टँडवर.

किक मारण्याआधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. नीडल गळत असताना पेट्रोल इंजिनात उतरलेलं असू शकतं. ऑइल पातळ वाटलं, पेट्रोलचा वास आला, तर तेच ऑइल घालून गाडी सुरू करू नका. आधी ऑइल बदला.