टेबल टेनिस अंपायरिंग: डबल्समधली ती दुसरी वॉर्निंग

इंटरनॅशनल अंपायरची परीक्षा झाली, ब्लेझर शिवून आला आणि आता एशियन किंवा कॉमनवेल्थ गेम्ससारख्या ठिकाणी पहिली ड्युटी लागलीये, अशांसाठी लिहितोय. दर सहा पॉइंटनंतर घाम पुसायला टॉवेल, एक मिनिटाचा टाइमआउट हे तुम्हाला येतंच.

मला पकडलं सर्व्हिसने. डबल्सची मॅच होती, एकाचा टॉस, म्हणजे सर्व्हिस करताना बॉल वर उडवणं, कमी वाटला, संशय आला म्हणून वॉर्निंग दिली. पुढच्या गेममध्ये त्याच्या पार्टनरनेही बॉल तसाच जेमतेम उचलला आणि मी त्यालाही वॉर्निंगच दिली. समोरच्या जोडीने अपील केलं, रेफ्री, म्हणजे अंपायरच्या वरचे अधिकारी, टेबलापाशी आले, पॉइंट त्यांना दिला आणि माझ्या पायातलं बळच गेलं.

नीट वाचा, संशयाची वॉर्निंग अख्ख्या मॅचमध्ये एकदाच, आणि ती दोघांत मिळून एक! तुम्ही दिली काय नि समोर बसलेल्या असिस्टंट अंपायरने दिली काय, ती संपली, त्यानंतर दोघांपैकी कुणाचीही सर्व्हिस स्वच्छ नियमात नसेल तर थेट पॉइंट. आणि उघड उघड चुकीची असेल तर पहिल्याच वेळी पॉइंट, तिथे वॉर्निंग नाहीच. मी तेव्हापासून वॉर्निंग दिली की स्कोअरशीटवर जोडीच्या नावापुढे लगेच टिंब काढतो.

टॉस किमान 16 सेंटिमीटर लागतो. नेट 15.25 चं असतं, म्हणजे तळहातापासून नेटच्या उंचीपेक्षा थोडा जास्तच, नजर तिथे बसवा. ही नजर प्रश्नसंच पाठ करून येत नाही, क्लबच्या हॉलमध्ये रविवार-रविवार पोरांच्या सर्व्हिस बघत बसावं लागतं.

काही सीनियर सांगतील, मोठ्या गेम्समध्ये फॉल्ट देऊ नकोस, सगळं टीव्हीवर दिसतं. अजिबात ऐकू नका. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्सला आपल्या सुतीर्था आणि ऐहिका मुखर्जीने डबल्सच्या क्वार्टर फायनलला चीनच्या चेन मेंग-वांग यिदीला हरवलं आणि तिथेच ब्राँझ पक्कं झालं, अशा मॅचला आपण घाबरून एक पॉइंट सोडला तर कुणाची तरी वर्षांची मेहनत जाते.

पण चूक झाली म्हणून कुणी घरी पाठवत नाही हो. मला दुसऱ्या दिवशी सकाळी परत टेबल मिळालं. हात थरथरत होते, पहिल्या गेमनंतर थांबले. फक्त मॅचआधी असिस्टंटशी दोन मिनिटं बोलून घ्या, टॉस कोण बघणार, मोकळा हात बॉलच्या आड येतो का ते कोण बघणार, आणि वॉर्निंग दिली तर एकमेकांना खूण काय करायची.